हिशेबाची वही

माझे आजेसासरे सही करायला शिकले ते तिशीत. तोवर त्यांच्या मेहनतीची एकुलती एक नोंद मुकादमाच्या वहीत होती, आणि ती वही त्यांच्या हातात कधी आली नाही. दिवसभर राबलं की नावापुढे एक उभी रेघ. बैल लंगडला, पोहोचायला उशीर झाला, की त्या दिवसाची रेघ नाही. वर्षअखेरीला रेघा मोजायच्या, मधे घेतलेलं धान्य वजा करायचं आणि उरायचं ते देणं. "मेंढरं आम्ही रोज मोजायचो," ते म्हणत, "मोजता येत होतंच. वहीतलं मोजू द्यायचे नाहीत."

घरात सगळे त्यांना ताइता म्हणत. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे असंच म्हणतात, आणि नातसून म्हणून मीही तेच म्हणू लागले. इक्वेडोरच्या चिंबोरासो प्रांतात, अँडीजच्या कुशीत, ग्वामोते नावाचं तालुक्याचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवर. ताइतांचं घर त्याच्याही वर, डोंगरउतारावर. त्यांची किच्वा भाषा मला समजत नसे, नणंद स्पॅनिशमधून सांगायची. संध्याकाळी आजेसासूबाई भाजलेल्या बार्लीचं पीठ, चवीला थेट आपल्या सातूसारखं, वाडग्यांतून पुढे ठेवत आणि ताइता सुरू होत. सनावळ्या मी नंतर पुस्तकांतून जुळवून घेतल्या. क्रम मात्र त्यांचाच आहे: आधी जमीन, मग बाजार, मग कचेरी. गावाचा इतिहास याच क्रमाने घडला, असं ते बजावून सांगत.

जमीन होती हासिएन्दांची, म्हणजे जमीनदारांच्या मोठाल्या इस्टेटींची. राबणाऱ्या कुटुंबाला उतारावरचा एक तुकडा कसायला मिळे, त्याला वासिपुंगो म्हणत. त्या बदल्यात आठवड्यातले चार-पाच दिवस मालकाच्या शेतावर. बायकांना आणि मुलांना पाळीपाळीने वाड्यावर झाडलोट, दळण, धुणं करायला जावं लागे. गुरं राखण्याचीही पाळी असे, आणि एखादं जनावर कड्यावरून पडून मेलं तर त्याची किंमत राखणाऱ्याच्या नावे चढे. हासिएन्दाबाहेरच्या मोकळ्या वस्त्यांतल्या लोकांनाही सुटका नव्हती. मालकाच्या वाटेने जायचं, त्याच्या माळावर मेंढरं चारायची, त्याच्या रानातलं सरपण आणायचं, तर त्या बदल्यात फुकट दिवस भरायचे. खोर्गे इकासा या लेखकाने १९३४ साली 'वासिपुंगो' याच नावाची कादंबरी लिहिली आणि हे जिणं जगाला कळलं. ताइतांना ती वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचा जन्म त्यानंतर थोड्याच वर्षांनी, त्याच जिण्यात झाला.

वहीची धास्ती या मुलखाला फार जुनी. फेब्रुवारी १७९७ मध्ये मोठा भूकंप झाला आणि जुनं रिओबांबा शहर जमीनदोस्त झालं. ते पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसवावं लागलं. लोक अजून सावरत होते, तोच पिकातला दशमांश वसूल करणारे वह्या घेऊन डोंगर चढू लागले. फेब्रुवारी १८०३ मध्ये ग्वामोते आणि शेजारच्या कोलुंबे गावात उठाव झाला. त्यात बायका पुढे होत्या. लोरेन्सा आवेमान्याय हे त्यांतलं सर्वांत ठळक नाव. स्पॅनिश सत्तेने उठाव चिरडला आणि त्याच वर्षी तिला देहान्ताची शिक्षा दिली. आजेसासूबाई एरवी ताइतांना बोलू देत, पण लोरेन्साची गोष्ट आली की सूत्रं आपल्या हातात घेत. त्यांच्या सांगण्यात लोरेन्सा कुणी दूरची वीरांगना नव्हती. वसुलीवाल्यासमोर मुलाला पाठीशी बांधून उभी राहिलेली, त्यांच्याच वस्तीतली एखादी बाई असावी, अशा सलगीने त्या बोलत.

पुढे स्पॅनिश राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि दशमांशवाले येतच राहिले. रस्त्यांच्या कामावर वेठीला धरणंही चालूच होतं. डिसेंबर १८७१ मध्ये, गार्सिया मोरेनो राष्ट्राध्यक्ष असताना, याच प्रांतातल्या काचा इथे फेर्नांदो दाकिलेमाच्या नेतृत्वाखाली मोठं बंड झालं. लोकांनी त्याला आपला राजा ठरवलं. त्याची साथीदार मान्वेला लेओन हिला जानेवारी १८७२ मध्ये गोळ्या घातल्या, दाकिलेमाला एप्रिलमध्ये. त्या दोघांना राष्ट्रीय वीर म्हणून मान्यता द्यायला इक्वेडोरच्या संसदेला २०१० साल उजाडलं. ताइतांच्या घरात ही मान्यता त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

मग आगगाडी आली. राष्ट्राध्यक्ष एलोय आल्फारो यांच्या कारकिर्दीत ग्वायाकिल बंदरातून निघालेला लोहमार्ग जमैकातून आणलेल्या मजुरांच्या घामावर डोंगर चढला आणि १९०८ मध्ये राजधानी क्विटोला पोहोचला. ग्वामोतेत रूळ थेट गावाच्या रस्त्यातून, घरांच्या दारांसमोरून गेले. हासिएन्दांचं धान्य आणि गुरं किनाऱ्याकडे जाऊ लागली. स्थानकाभोवती मिश्रवंशीय व्यापाऱ्यांची, दारूवाल्यांची घरं उभी राहिली, गाव वधारलं आणि १९४४ मध्ये त्याला स्वतंत्र तालुक्याचा दर्जा मिळाला. म्हणजे नगरपालिका आली. पण ती गावातल्या व्यापाऱ्यांची. भोवतालच्या डोंगरांवर राहणारी बहुसंख्य माणसं तिच्या हिशेबात नव्हती.

गुरुवारचा बाजार हा ताइतांच्या बोलण्यातला सर्वांत कडवट भाग. डोंगरावरून बटाटे, घेवडा, बार्ली घेऊन उतरणाऱ्यांना गावाच्या तोंडाशीच दलाल अडवायचे. पोतं हिसकून घ्यायचे, भाव तेच ठरवायचे, वजन तेच करायचे. सणाचा मान एखाद्या घराकडे आला की दारूवाल्याकडून उधार घ्यावी लागे, आणि ती फेडताना मेंढरं जात. त्यातच सरकारी अंमलदाराची माणसं वाटसरूच्या अंगावरचा पोंचो किंवा डोक्यावरची हॅट काढून घेत. चौक झाडून काढा, दगड वाहा, मग कपडा परत मिळेल. एवढ्या थंडीत पोंचोशिवाय घरी कोण जाणार? ताइतांनी लहानपणी आपल्या वडिलांना चौक झाडताना पाहिलं होतं. हे सांगताना ते रागावत नसत, सावकाश बोलत आणि प्रत्येक वेळी नीट पूर्ण सांगत. नातवंडांना ते पाठ असावं, अशी त्यांची इच्छा होती.

जुलै १९६४ मध्ये लष्करी सरकारने जमीन सुधारणेचा कायदा आणून वासिपुंगोची पद्धत रद्द केली. कागदावर माणूस मोकळा झाला. हातात आला तो मात्र बहुधा तोच चढावरचा नापीक तुकडा. सपाट शेतं, कुरणं, पाणी हासिएन्दाकडेच राहिलं. आधी चारायला माळ तरी होता, आता तोही बंद. म्हणून खरी लढाई कायद्यानंतर सुरू झाली. रिओबांबाचे बिशप लेओनिदास प्रोआन्यो यांनी कायद्याची वाट न पाहता चर्चच्या जमिनी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे सोपवायला सुरुवात केली होती. १९६२ मध्ये त्यांनी रेडिओ शाळा सुरू केली. ताइता याच शाळेत शिकले. दिवसभर शेत, रात्री शेजाऱ्याकडे एका रेडिओभोवती सगळे गोळा व्हायचे आणि हवेतून येणाऱ्या आवाजाच्या सांगण्यावरून पाटीवर अक्षरं काढायची. आपलं नाव पहिल्यांदा लिहिलं तेव्हा लगेच अंकही शिकवा म्हणून आपण हट्ट धरला, हे ते अभिमानाने सांगत.

१९७३ मध्ये जमिनीचा दुसरा कायदा आला. २६ सप्टेंबर १९७४ रोजी याच प्रांतातल्या तोक्तेसिनिन इथे जमिनीच्या संघर्षात लासारो कोन्दो हा शेतकरी पुढारी मारला गेला. त्या दशकात वस्त्यांनी अर्ज केले, खटले चालवले, जमिनींवर बसून राहिले, पैसे जमवून जमिनी विकतही घेतल्या. एकेक हासिएन्दा मोडत गेली. ती मोडली तसा गावातल्या व्यापाऱ्यांचा वचक सैल झाला. त्यांतले बरेचजण रिओबांबाला, क्विटोला निघून गेले आणि चौकाजवळची त्यांची घरं डोंगरावरच्या माणसांनी विकत घेतली. ज्या बाजारात भाव ठरवण्याचा हक्क नव्हता, तिथे आपली माणसं गाळे मांडून बसली.

कचेरी राहिली होती. इक्वेडोरमध्ये १९७९ ची घटना लागू होईपर्यंत निरक्षराला मतदानाचा हक्क नव्हता. ज्यांना शाळेपासून दूर ठेवलं, त्यांना त्याच कारणासाठी मतपेटीपासूनही दूर ठेवलं. हा अडसर गेल्यावर ग्वामोतेसारख्या, जिथे दहातली नऊ माणसं किच्वा बोलणाऱ्या पुरुहा समाजाची आहेत अशा तालुक्यात, निकाल बदलणारच होता. जून १९९० मध्ये देशभर मूळनिवासींनी रस्ते रोखले. दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, मारियानो कुरिकामा नगरपालिकेच्या प्रमुखपदी निवडून आले. देशात असं पद जिंकणारे ते अगदी पहिल्या मूळनिवासींपैकी. १९९६ मध्ये ते पुन्हा निवडून आले, आणि पुढे चिंबोरासो प्रांताचे प्रमुख झाले.

निवडणूक जिंकण्याहून मोठी गोष्ट त्यानंतर घडली, असं मला ठामपणे वाटतं. शंभराहून अधिक वस्त्यांच्या पंचांची मिळून एक सभा उभी राहिली. तिला त्यांनी मूळनिवासी आणि जनतेची संसद असं नाव दिलं. नगरपालिकेने काय करायचं हे या सभेने सुचवायचं आणि केलेल्या खर्चाचा जाब तिनेच विचारायचा. जोडीला विकासकामं पाहणारी समिती होती. १९९७ च्या कायद्याने केंद्राच्या अंदाजपत्रकातला पंधरा टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना देण्याचं ठरलं आणि वाटायला थोडा पैसाही आला. पाट, रस्ते, शाळेच्या खोल्या यांसाठी वस्त्या श्रमदान करत, त्याला तिकडे मिंगा म्हणतात. ताइता त्या सभेत आपल्या वस्तीतर्फे जात. कुठल्या रस्त्यावर किती खर्च झाला हे किच्वामध्ये मोठ्याने वाचून दाखवलं जाई, आणि ऐकणारा मधेच थांबवून पुन्हा वाचा म्हणू शके.

हे चित्र तसंच टिकलं नाही. निवडून आलेली परिषद मोठी की पंचांची सभा, यावर कुरबुरी झाल्या. कॅथलिक आणि इव्हँजेलिकल वस्त्यांच्या संघटना वेगळ्या, पक्ष वेगळे. परदेशी संस्थांचा निधी आटला तशी समितीची धडाडीही ओसरली. तालुक्यातल्या पालमिराकडची जमीन वाळूची झाली आहे, तिथे पाइनची झाडं लावावी लागली. मिळालेली जमीन मुलांत, मग नातवंडांत वाटली जाऊन तिच्या चिंध्या झाल्या. पुरुष बांधकामाला क्विटोत, हमालीला ग्वायाकिलला. मागे शेती, गुरं आणि सभा सांभाळतात त्या बायका. आगगाडीही २०२० मध्ये बंद पडली.

म्हणून माझ्या घरातली तरुण मुलं विचारतात, नगरपालिका हाती येऊन मिळालं काय? गरिबी आहे तिथेच आहे. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ताइतांची पुण्याई हे उत्तर पुरत नाही. मी त्यांना त्यांच्याच देशाचा कायदा दाखवते. २००८ च्या घटनेनुसार स्थानिक संस्थेच्या बैठका सर्वांना खुल्या आहेत. तिथे एक खुर्ची नागरिकांसाठी रिकामी ठेवायची असते. चर्चेच्या विषयानुसार लोकांचा प्रतिनिधी तीवर बसून बोलू शकतो, निर्णयात भाग घेऊ शकतो. वर्षाचा हिशेब लोकांपुढे मांडणंही बंधनकारक आहे. पण बैठक कामाच्या दिवशी, स्पॅनिशमध्ये, वरच्या वस्त्यांपासून लांब झाली, तर त्या खुर्चीवर तेच तेच लोक बसतात.

जमीन, बाजार, कचेरी हा क्रम मिळवण्याचा होता. गमावण्याचा क्रम उलटा असतो. आधी हिशेब विचारणं सुटतं, मग भाव दुसरा कुणीतरी ठरवू लागतो, आणि शेवटी तुकड्या-तुकड्याने जमीन जाते. म्हणून ग्वामोतेच्या नगरपालिकेकडून माझं मागणं साधं आहे. वर्षाचा हिशेब किच्वामध्ये मांडा, वस्त्यांवर जाऊन मांडा, बाहेरगावी गेलेली मुलं सणाला घरी येतात त्या दिवसांत मांडा. आणि घरातल्या मुलांकडे एकच हट्ट आहे: त्या दिवशी तिथे हजर राहा, आणि आकडा समजला नाही तर पुन्हा वाचायला सांगा.