गोदीवरचे कीटकशास्त्र

कीटकशास्त्राच्या ज्या शाखेत पतंगाच्या पंखांवरील शिरांइतकेच कायद्याच्या कलमांचेही ज्ञान उमेदवाराकडून अपेक्षिले जाते, आणि जिच्या परीक्षेस बसणाऱ्याला भिंगाबरोबरच अधिसूचनांची बाडेही बाळगावी लागतात, त्या शाखेची आपल्याकडील पाळेमुळे शोधू गेल्यास ती विद्यापीठांत न सापडता गोदीत, कापसाच्या गासड्यांपाशी सापडतात.

1892 च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासात शिरलेल्या, कापसाची बोंडे पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याने अमेरिकेचा दक्षिणेकडील कापूसमुलूख पादाक्रांत करण्यास आरंभ केला; आणि अमेरिकन रुईच्या गासडीत दडून हा पाहुणा उद्या वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीत उतरला, तर वसूल आणि व्यापार या दोहोंची काय अवस्था होईल, या धास्तीने हिंदुस्थान सरकारने 1906 साली परदेशी रुईला विषारी वायूची धुरी देणे सक्तीचे केले. ही धास्ती रयतेच्या कळवळ्यापोटी होती की खजिन्याच्या, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

पुढे 3 फेब्रुवारी 1914 रोजी विध्वंसक कीटक व किडींविषयीचा कायदा संमत झाला. कलमे मूठभर, परंतु त्यातील खुबी अशी की, त्याखाली निघणाऱ्या मनाईहुकमास 1878 च्या सागरी जकात कायद्याच्या 19 व्या कलमाखालील हुकमाचेच बळ देण्यात आले, आणि त्यायोगे निषिद्ध अळी सरकारच्या लेखी चोरट्या मालाच्या पंक्तीस जाऊन बसली. शास्त्रज्ञाच्या अभिप्रायास जकातखात्याचा अंमल लाभला तो असा.

या बंदोबस्ताला एक उपरोधाची किनारही आहे. बाहेरच्या भुंग्यासाठी आपण दरवाजे लावून घेत होतो, त्याच सुमारास, म्हणजे 1906-07 मध्ये, भडोचच्या कापसावर 1842 सालीच नोंदली गेलेली गुलाबी बोंडअळी आपल्याकडील सरकीतून इजिप्तात पोचली असे मानले जाते. तेथून ती मेक्सिकोत आणि 1917 मध्ये टेक्सासात जाऊन ठाकली. आयातीवर पहारा बसला होता, निर्यातीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नव्हते!

1946 साली वनस्पतिसंरक्षण, संगरोध व साठवण यांचे स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले आणि गोदीवरील या कामाला आपले असे दफ्तर मिळाले. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाला जोडलेल्या लांबलचक अनुसूची आज उमेदवाराला अभ्यासाव्या लागतात: कोणते बियाणे कोणत्या देशातून आले असता सोबतच्या दाखल्यात कोणत्या किडीविषयी ग्वाही हवी, कोणत्या मालाला धुरी द्यावी आणि कोणता परत पाठवावा. मालात बहुधा अंडी, अळी वा कोष हातास लागतात, प्रौढ कीटक क्वचितच. म्हणून तो सोंड्या भुंगा आपल्या शेतांत अद्याप स्थिरावला नसला, आणि उमेदवाराने तो जन्मात जिवंत पाहिला नसला, तरी त्याच्या बिनपायांच्या पांढुरक्या अळीवरून त्याला त्याची ओळख पटावी लागते.