‘सिस्टर’ : अर्थ व वापर

‘सिस्टर’ या इंग्रजी नामाचा मूळ अर्थ बहीण. मराठीत मात्र सख्ख्या बहिणीस सहसा कोणी अशी हाक मारीत नाही. धर्मग्रामात हा शब्द धर्मभगिनींसाठी, तर रुग्णालयात परिचारिकांसाठी रूढ आहे. काटेकोरपणे पाहता मठाच्या बंदिस्तीत प्रार्थनाजीवन जगणारी ती ‘नन’ आणि शाळा-दवाखान्यांतून सेवा करणारी ती ‘सिस्टर’. आपण दोन्ही शब्दांची सरमिसळ करतो. शिवाय आपल्या तोंडी ‘सिस्टर’ हे निव्वळ पदनाम झाले असून त्यातील नाते लोपले आहे.

नाते टिकवणारा मराठी वापर वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे आढळतो. विनोबा भावे यांनी १९५९ साली तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. ब्रह्मचर्य पाळून सामूहिक साधना व शरीरश्रम करणाऱ्या तेथील साधिकांना ‘बहिणी’ असेच संबोधतात. त्यांचे निर्णय सर्वसंमतीने होतात.