अवघडलेल्या वयाचा 'ब्लू अल्बम'

'वीझर' या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम १० मे १९९४ रोजी बाजारात आला. त्याला बँडचेच नाव होते. पण मुखपृष्ठावरील सपाट निळ्या पार्श्वभूमीमुळे तो 'ब्लू अल्बम' म्हणूनच ओळखला गेला. त्या निळाईपुढे चार तरुण पासपोर्टच्या छायाचित्रासाठी उभे राहावे तसे शेजारी शेजारी उभे आहेत. रॉक संगीतातील नायकाचा रुबाब त्यात कुठेच नाही. पौगंडावस्थेतील बुजरेपणा, एकटेपणा आणि अवघडलेपण हाच या अल्बममधील दहा गाण्यांचा मुख्य विषय आहे.

त्या वेळी अल्टरनेटिव्ह रॉकवर सिएटलच्या 'ग्रंज' संगीताची छाया होती. 'निर्वाणा'चा गायक कर्ट कोबेन याने ५ एप्रिल १९९४ रोजी आयुष्य संपवले. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, निर्वाणाच्याच 'डीजीसी' या कंपनीने वीझरचा अल्बम प्रसिद्ध केला. ग्रंजमधील मुलगा जगावर संतापलेला होता. वीझरच्या गाण्यांतला मुलगा मुलीशी बोलताना अडखळणारा आहे.

आश्रमातून लॉस एंजेलिसकडे

बँडचा गायक आणि गीतकार रिव्हर्स क्वोमो याचा जन्म १९७० चा. त्याच्या बालपणाचा काही काळ कनेक्टिकट राज्यात, स्वामी सच्चिदानंद यांच्या योगाश्रमाच्या परिसरात गेला. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात प्रारंभीचे भाषण करणारे स्वामी ते हेच. रिव्हर्स लहान असतानाच वडील कुटुंबापासून दुरावले. 'वीझर' हे त्यांनीच मुलाला ठेवलेले टोपणनाव होते, हे ध्यानात घेतले की बँडच्या नावाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

शाळकरी वयात 'किस'सारख्या बँडचे वेड लागलेला क्वोमो १९८९ मध्ये हेवी मेटल वाजवण्यासाठी लॉस एंजेलिसला आला. ते स्वप्न फळले नाही. टॉवर रेकॉर्ड्स या दुकानात नोकरी करता करता त्याची संगीताची आवड विस्तारत गेली आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये ड्रमवादक पॅट्रिक विल्सन, बासवादक मॅट शार्प आणि गिटारवादक जेसन क्रॉपर यांच्यासह वीझरची स्थापना झाली.

जाड गिटार, गोड स्वर

अल्बमचे ध्वनिमुद्रण १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'इलेक्ट्रिक लेडी' या, जिमी हेंड्रिक्सने उभारलेल्या स्टुडिओत झाले. निर्माता होता 'द कार्स' या बँडचा रिक ओकॅसिक. काम सुरू असतानाच क्रॉपर बाहेर पडला आणि त्याच्या जागी ब्रायन बेल आला.

गिटारच्या तारा शक्यतो वरून खाली अशाच छेडायच्या, असा शिरस्ता ठेवला गेला. त्यामुळे गिटारचा आवाज भिंतीसारखा जाड आणि सलग झाला. दुसरीकडे, क्वोमो आणि शार्प यांनी जुन्या 'बार्बरशॉप' पद्धतीच्या समूहगायनाचा सराव करून स्वरांचा मेळ घोटून घेतला. वाद्ये हेवी मेटलची आणि गळा लाजऱ्या मुलाचा, हा विरोधाभास अल्बमला त्याची ओळख देतो.

हसण्यामागचे दुखणे

'इन द गॅरेज' मधील मुलगा कॉमिक्स, फाशांचे खेळ आणि आवडत्या बँडची पोस्टर यांच्या सहवासात, कोणी ऐकत नाही अशा जागी गाणी रचतो. 'अनडन' मध्ये पार्टीतल्या गप्पा कानावर येत राहतात आणि स्वेटरचा धागा उसवावा तसे निवेदकाचे अवसान उसवत जाते. श्रोत्यांना हे गाणे गमतीचे वाटले. क्वोमोच्या लेखी ते दुःखाचे होते.

सर्वांत गंभीर गाणे 'से इट एन्ट सो'. शाळेत असताना एकदा घरी फ्रिजमध्ये बिअरची बाटली पाहून, वडिलांप्रमाणे सावत्र वडीलही दारूपायी घर सोडतील, ही भीती क्वोमोच्या मनात दाटली. त्या आठवणीतून हे गाणे जन्मले.

हा मुलगा प्रत्येक वेळी निरागसच असतो, असे मात्र नाही. 'नो वन एल्स' मधील प्रियकराला प्रेयसीने इतर कोणाशी हसलेलेही खपत नाही. आजच्या श्रोत्याला ते खटकेल आणि खटकायलाच हवे. मात्र लगेच पुढच्या गाण्यात दुरावलेल्या मुलीच्या छायाचित्राशी बोलत बसलेला एकाकी तरुण भेटतो. मालकी हक्काची परिणती त्यातून आपोआप कळते.

विंडोज ९५ मधून घरोघरी

अल्बमला लोकप्रियता मिळवून दिली ती 'बडी हॉली' या गाण्याने. दिग्दर्शक स्पाइक जोन्झ याने त्याच्या व्हिडिओत 'हॅपी डेज' या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील उपाहारगृहात बँडला वाजवताना दाखवले. १९९५ च्या एमटीव्ही व्हिडिओ पुरस्कारांत त्याला चार पारितोषिके मिळाली. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ९५'च्या सीडीवर हा व्हिडिओ दिल्याने, संगीताशी फारसा संबंध नसलेल्या संगणकधारकांपर्यंतही वीझर पोहोचला. अमेरिकेत अल्बमच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

यशानंतर क्वोमो १९९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेला. १९९६ चा 'पिंकर्टन' हा दुसरा अल्बम प्रथम उपेक्षित राहिला. त्याचे मोल पुढे कळले. कालांतराने क्वोमो सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यनेकडे वळला. इगतपुरीचे 'धम्मगिरी' हे याच परंपरेचे केंद्र. २०२४ मध्ये, अल्बमला तीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, वीझरने दौरा काढून तो रंगमंचावर सलग सादर केला.

प्रथमच ऐकणाऱ्याने 'बडी हॉली'ने सुरुवात करावी, 'से इट एन्ट सो'पाशी थांबावे आणि अखेरीस 'ओन्ली इन ड्रीम्स' हे सुमारे आठ मिनिटांचे गाणे निवांत ऐकावे. त्यात एक मुलगा मुलीला नृत्यासाठी विचारतो, तेही स्वप्नात. आणि पुढचे सारे गिटार, बास आणि ड्रम सांगतात.