उत्तीर्ण किती, पोहोचले किती?
फिजिशियन असिस्टंट अभ्यासक्रमांच्या मोजमापाचा इतिहास

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट तयार करणारे तीनशेच्या आसपास अभ्यासक्रम आहेत. गेल्या पाच वर्षांत आपले किती विद्यार्थी राष्ट्रीय परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, हा आकडा त्यांतल्या प्रत्येकाला लोकांसमोर मांडावा लागतो. आपण ठरवलेली उद्दिष्टं कितपत साध्य झाली, याचा पुरावाही द्यावा लागतो. मान्यता देणाऱ्या संस्थेचाच तसा नियम आहे. असे अहवाल मी एकापाठोपाठ एक वाचत होतो. उत्तीर्णांची टक्केवारी, विद्यार्थ्यांचं समाधान, नोकरी मिळालेल्यांची संख्या असं सगळं त्यांत नीट मांडलेलं असतं. तरी वाचताना एक प्रश्न सुटत नव्हता. हा पेशा ज्या गरजेतून जन्माला आला, ती गरज भागली का, हे या तक्त्यांतून कळतं का? त्याचं उत्तर शोधायला साठ वर्षं मागे जावं लागलं.

आधी हा पेशा कोणता, ते सांगायला हवं. फिजिशियन असिस्टंट म्हणजे पूर्ण डॉक्टर नव्हे आणि परिचारिकाही नव्हे. पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचं शिक्षण घेऊन तो डॉक्टरांच्या सहकार्यानं रोगी तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, शस्त्रक्रियेत मदत करतो. आज अमेरिकेत असे दीड लाखाहून अधिक लोक काम करतात.

या पेशाच्या मुळाशी गार्लंड नावाचं एक छोटं गाव आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या या गावात एमॉस जॉन्सन हे डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली हेन्री ली ट्रेडवेल हे कृष्णवर्णीय साहाय्यक काम करत. लोक त्यांना ‘बडी’ म्हणत. ट्रेडवेल यांनी वैद्यकीय शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. जॉन्सन यांनीच त्यांना एकेक काम शिकवलं होतं. आपल्याकडच्या जुन्या कंपाउंडरची आठवण व्हावी असं हे नातं, पण ट्रेडवेल यांची जबाबदारी त्याहून कितीतरी मोठी होती. जॉन्सन पुढे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. सभा-परिषदांसाठी त्यांना गाव सोडता येई, कारण मागे दवाखाना सांभाळायला ट्रेडवेल असत.

ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यक विभागाचे प्रमुख यूजीन स्टेड यांना हे उदाहरण माहीत होतं. खेड्यातले डॉक्टर कामानं पिचलेले, नवं शिकायला त्यांना फुरसत नाही आणि नवे डॉक्टर तिकडे जायला तयार नाहीत, ही अडचणही त्यांना दिसत होती. त्यांचा पहिला प्रयत्न मात्र परिचारिकांसाठी होता. 1957च्या सुमारास थेल्मा इंगल्स या परिचारिका-अध्यापिकेच्या साथीनं त्यांनी अनुभवी परिचारिकांना अधिक वैद्यकीय ज्ञान देणारा अभ्यासक्रम आखला. परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं त्याला मान्यता नाकारली. आखणी पुरेशी रेखीव नाही आणि शिकवणारे डॉक्टर आहेत, असे आक्षेप होते. त्या परिचारिका रोग्याजवळ काय करू शकतात, हा मुद्दा निर्णायक ठरला नाही. या इतिहासातलं पहिलं मूल्यमापन हे असं झालं. अभ्यासक्रमाची रचना तपासली गेली आणि त्याच्या परिणामापर्यंत कुणी पोहोचलंच नाही.

स्टेड मग दुसरीकडे वळले. नौदलात वैद्यकीय साहाय्यकाचं काम केलेले तरुण सेवा संपवून घरी परतत होते. जखमा शिवणं, शुद्ध हरपलेल्या माणसाला सांभाळणं हे त्यांना ठाऊक होतं, पण नागरी जीवनात त्या अनुभवाला किंमत नव्हती. 1965मध्ये अशा चौघांना घेऊन ड्यूकमध्ये पहिला वर्ग सुरू झाला. 6 ऑक्टोबर 1967 रोजी त्यांतले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. मधल्या काळात, 1966मध्ये, ‘लुक’ या पाक्षिकानं ‘परिचारिकेहून जास्त, डॉक्टरहून कमी’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्यांची ओळख करून दिली. परिचारिकांच्या संघटनांना तो मथळा झोंबला, आणि ते साहजिकच होतं.

तीन माणसांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नव्हता. पण अभ्यासक्रम वाढू लागले तसा प्रश्न टोकदार झाला : ही माणसं रोग्याला अपाय तर करणार नाहीत ना? 1970च्या दशकातल्या मोजमापाचा बराच भाग याच धास्तीतून आला. त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग कॅनडातल्या ओंटारियोमधल्या बर्लिंग्टन गावचा. तो फिजिशियन असिस्टंटचा नव्हता, विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांचा होता. पण प्रश्न तोच होता. वॉल्टर स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971-72मध्ये एका दवाखान्यातली सुमारे 1600 कुटुंबं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागली. एक तृतीयांश कुटुंबांनी प्रथम परिचारिकेकडे जायचं, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे डॉक्टरांकडे. वर्षाअखेर दोन्ही गटांची हिंडण्याफिरण्याची क्षमता, मानसिक स्वास्थ्य, समाधान आणि मृत्यू यांची तुलना केली. फरक आढळला नाही. परिचारिकांकडे आलेल्या भेटींपैकी दोन तृतीयांश त्यांनी डॉक्टरांना न बोलावता निभावल्या होत्या. 1974मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. दवाखान्याचं उत्पन्न सुमारे पाच टक्क्यांनी घटलं, कारण परिचारिकेनं एकटीनं केलेल्या कामाचं बिल लावण्याची त्या वेळच्या नियमांत सोय नव्हती. लोकांच्या दृष्टीनं प्रयोग यशस्वी होता, दवाखान्याच्या मालकांना मात्र तो तोट्याचा पडला. यश कुणाच्या बाजूनं मोजायचं, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटलेला आहे.

1979मध्ये हॅरॉल्ड सॉक्स यांनी अशा 21 अभ्यासांचा आढावा घेतला. बाह्यरुग्ण विभागातल्या नेहमीच्या उपचारांत या साहाय्यकांची सेवा डॉक्टरांच्या सेवेहून वेगळी ओळखता येत नाही, असा त्याचा सूर होता. धास्तीचं उत्तर मिळालं. पण स्टेड यांच्या मनातला मूळ प्रश्न गावांचा होता, आणि तुलना करणारे हे अभ्यास दवाखान्याच्या आत घडत होते.

गावांचा विचार मापनातच गुंफणारा एक माणूस तेव्हा होता. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड स्मिथ यांनी 1969मध्ये ‘मेडेक्स’ हा अभ्यासक्रम सुरू केला. सैन्यातून परतलेले पंधरा वैद्यकीय साहाय्यक त्यांनी घेतले. तीन महिने विद्यापीठात शिकायचं आणि पुढचं वर्षभर एखाद्या गावातल्या डॉक्टरांच्या हाताखाली काढायचं. मदतीची निकड असलेले, शिकवायला आणि पुढे नोकरी द्यायला तयार असलेले डॉक्टर आधीच शोधलेले असत. विद्यार्थी कुठे पोहोचणार, हे प्रवेशाच्या वेळीच ठरत होतं. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. उद्दिष्ट गाठलं की नाही हे शेवटी तपासण्याऐवजी स्मिथ यांनी ते सुरुवातीलाच अभ्यासक्रमाच्या बांधणीत घातलं.

पण सगळ्या देशाला लागू होईल असं माप हवं होतं, आणि ते परीक्षेच्या रूपानं आलं. 1973मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. परीक्षेचे फायदे उघड होते. वेगवेगळ्या राज्यांतल्या परवान्यांना समान आधार मिळाला, रोग्यांना किमान ज्ञानाची हमी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत तर ट्रेडवेल यांच्यासारख्या, कामावरच शिकलेल्या माणसांनाही तिला बसता येत होतं. ते दार 1986मध्ये बंद झालं. त्यानंतर शाळेचा मार्ग हाच एकमेव मार्ग उरला, आणि परीक्षेचा निकाल हेच शाळेचं माप बनलं.

त्याच काळात पेशा जागेवरून सरकत होता. 1970च्या दशकात निम्म्याहून अधिक फिजिशियन असिस्टंट प्राथमिक आरोग्यसेवेत होते. आज हे प्रमाण जेमतेम चतुर्थांश आहे. बाकीचे शस्त्रक्रिया, अस्थिरोग, तातडीची सेवा अशा विभागांत गेले. याला कारणं होती. तिथे पगार चांगले होते. शिवाय 2003मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली आणि मोठ्या रुग्णालयांना त्यांच्या जागी हात हवे होते. या काळातही शाळांच्या तक्त्यांत खोट दिसत नव्हती. मुलं उत्तीर्ण होत होती, नोकऱ्या मिळत होत्या. आकडे खरेच होते. त्यांत न मावणारी गोष्ट तेवढी निसटत होती.

हा इतिहास आपल्याला परका वाटू नये. माझ्या आजोळी जे एकुलते एक डॉक्टर होते, त्यांच्या पाटीवर एल.सी.पी.एस. अशी अक्षरं होती. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती परवानापदविका. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमध्येही असे परवानाधारक घडत. 1943मध्ये नेमलेल्या भोर समितीनं 1946मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांपैकी सुमारे दोन तृतीयांश परवानाधारक होते. समितीच्या बहुमतानं हे कमी मुदतीचं शिक्षण थांबवून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवण्याचा पुरस्कार केला. काही सदस्यांनी तुटवड्याकडे बोट दाखवत वेगळं मत नोंदवलं. दर्जाचं माप जिंकलं. गावात कोण बसणार हा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर आला.

तो पुन्हा छत्तीसगडमध्ये उभा राहिला. 2001मध्ये त्या राज्यानं तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला, आणि विरोधामुळे काही तुकड्यांनंतर प्रवेश बंद झाले. त्यातून बाहेर पडलेल्यांना ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेमलं गेलं. पुढे संशोधकांनी काल्पनिक रोग्यांची प्रकरणं सांगून त्यांची आणि एम.बी.बी.एस. डॉक्टरांची परीक्षा घेतली. नेहमीच्या आजारांत दोघांची क्षमता सारखी निघाली. अभ्यासक्रम तोवर बंद पडला होता. मोजमाप चोख होतं, आलं उशिरा.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी मोजायला वेगळीच गोष्ट निवडली. त्यांनी शिकवलेल्या गावातल्या बायका फिजिशियन असिस्टंट नव्हत्या. पण त्यांचं शिक्षण यशस्वी झालं का, हे ठरवताना त्यांच्या गुणपत्रिकेवर भिस्त ठेवली गेली नाही. 39 गावांतले नवजात बाळांचे मृत्यू मोजले गेले आणि दुसऱ्या 47 गावांशी ताडून पाहिले गेले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला होता. 1999मध्ये ‘लॅन्सेट’नं हे प्रसिद्ध केलं.

भारतात फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण 1992मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केलं, ते हृदयशस्त्रक्रियेसाठी. म्हणजे आपल्याकडे हा पेशा जन्मला तोच मोठ्या रुग्णालयात. 2021च्या कायद्यानं त्याला संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत स्थान दिलं आहे. यापुढे अभ्यासक्रम वाढतील, मान्यता येईल, तक्ते येतील. परीक्षेचा निकाल त्यांत असलाच पाहिजे. न शिकलेल्या माणसाच्या हाती रोगी कुणी देऊ नये. पण त्या तक्त्यात आणखी दोन रकाने असावेत, असं मला वाटतं : पाच वर्षांनी हे विद्यार्थी कुठे काम करत आहेत, आणि ते तिथे गेल्यानं तिथल्या रोग्यांचं काय बदललं. हे रकाने भरणं महाग आहे, वेळखाऊ आहे, आणि काही शाळांना अडचणीचंही ठरेल.

ट्रेडवेल यांची गुणपत्रिका कुणाला दाखवता आली नसती. डॉक्टर जॉन्सन परगावी असतानाही गार्लंडमध्ये रोगी तपासले जात होते. स्टेड यांना पटायला तेवढं पुरलं होतं.