सनद आणि कुंचला

दुर्गच्या न्यायालयात वकिली करणारी एक ओळखीची मराठी मुलगी मध्यंतरी भिलाईला घरी आली होती. “वकिली सोडून चित्रं काढावीत, गोष्टी लिहाव्यात असं फार वाटतंय. असं कुणी केलंय का हो आपल्याकडे?” मी सवयीने मातिस आणि कान्दिन्स्की ही नावे घेतली. ती गेल्यावर लक्षात आले, की तिने ‘आपल्याकडे’ असे विचारले होते आणि मी तिला पॅरिस-म्युनिकला पाठवले.

शिवाय त्या दोघांची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. मातिस कायदा शिकून वकिलाच्या कचेरीत कारकुनी करत होता. आजारपणात आईने रंगांची पेटी आणून दिली आणि १८९१ मध्ये तो चित्रकला शिकायला पॅरिसला गेला. कान्दिन्स्कीने १८९६ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, कायद्याची प्राध्यापकी नाकारून म्युनिक गाठले. पण मातिसचे वडील धान्याचे व्यापारी होते, कान्दिन्स्कीचे चहाचे. नाराज असले तरी मातिसचे वडील खर्चाला पैसे पाठवत. गोष्ट सांगताना रंगांची पेटी लक्षात राहते आणि पैसे विसरले जातात.

आपल्याकडचा इतिहास शोधायचा तर दुर्गपासूनच सुरुवात करता येते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग हा मध्य प्रांत-वऱ्हाडच्या, पुढे मध्य प्रदेश झालेल्या प्रांताचा जिल्हा होता आणि राजधानी नागपूर होती. त्या प्रांतातल्या शिकलेल्या मराठी घरांत वकिलीची सनद म्हणजे भाकरीची हमी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वऱ्हाडात वकिली करता करता नाटके आणि विनोदी लेख लिहिले. लेखनासाठी वकिली सोडणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. मराठी पुस्तकांवर घर चालत नसे.

याच प्रांतात आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, वाढले. जन्म १९०१, मूर्तिजापूरचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना कुसुम जयवंत भेटल्या. विशीतच अनिलांच्या आयुष्यात दोन गोष्टी झाल्या: कायद्याची पदवी, आणि भारतीय चित्रकलेच्या अभ्यासासाठी कलकत्त्याला जाणे. तिथे त्यांना अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांचे मार्गदर्शन लाभले. त्या काळच्या तरुण चित्रकाराला याहून मोठे दार कुठले असणार! तरीही १९२९ मध्ये लग्न झाल्यावर अनिल न्यायखात्यात गेले आणि होशंगाबादला सबजज्ज झाले. दिवसा खटले आणि निकालपत्रे. ‘फुलवात’ हा पहिला संग्रह १९३२ चा, म्हणजे न्यायासनावर असतानाचा.

त्या घरात कथाही होती. कुसुमावती लंडनला इंग्रजी साहित्य शिकून आल्या, नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकवू लागल्या, आणि ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ हे कथासंग्रह त्यांनी नोकरी सांभाळून लिहिले. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरची ही पहिली स्त्री. म्हणजे कायदा, चित्र, कविता आणि कथा एकाच छपराखाली, आणि त्या छपराला दोन पगारांचा आधार.

अनिलांनी कायदा सोडला, पण चित्रकलेसाठी नव्हे. स्वातंत्र्यानंतर ते न्यायखात्यातून प्रांताच्या समाजशिक्षणाकडे, म्हणजे प्रौढांना अक्षरओळख करून देण्याच्या कामाकडे वळले. दुर्ग तेव्हा त्याच प्रांतात होते. मग कलकत्त्याचे ते दिवस वाया गेले का? मला तसे म्हणवत नाही. ‘भग्नमूर्ती’ (१९४०) हे त्यांचे मुक्तछंदातले दीर्घकाव्य एका भंगलेल्या शिल्पाभोवती उभे आहे. दहाच ओळींची दशपदी रचणाऱ्या कवीला चौकटीचे मोल ठाऊक असते, आणि ‘दशपदी’लाच १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरी खरे तेही म्हटले पाहिजे: नंदलाल बोसांकडे जाऊन आलेला हा माणूस मराठीला कवी म्हणून माहीत आहे, चित्रकार म्हणून नाही. सनदीने घर सांभाळले, आणि त्याची किंमत कुंचल्याने मोजली.

या दोघांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पुस्तक मी त्या मुलीसाठी काढून ठेवले आहे. सोडावे की नाही, हे अनिल तिला सांगणार नाहीत. पण ती पुन्हा आली की मातिसच्या रंगपेटीआधी मी तिला विचारणार आहे: पहिली दोन वर्षे घरभाडे कोण भरणार आहे? आणि त्यानंतर दुसरे: आज संध्याकाळी, कोर्टातून आल्यावर, काय काढलेस?