शाळेची बातमी कोणी लिहावी?



दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपण वर्तमानपत्र उघडून गुणवंतांचे फोटो पाहतो. आपल्या मोहल्ल्यातील कुणाचे नाव असले तर ते पान शेजारीपाजारी दाखवतो. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु सातवीनंतर ज्या मुलीचे नाव हजेरीपटावरून कमी झाले, तिची बातमी कोणत्या पानावर येते? शिक्षणाविषयी लिहिणाऱ्या पत्रकाराचे खरे काम या प्रश्नापासून सुरू होते, आणि त्या कामाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे पत्र १८४२ साली अहमदनगरला सुरू झाले. या पत्राने १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापला. मुक्ता मांग समाजातील. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी. आपल्या समाजाची दुःखे तिने स्वतःच्या शब्दांत मांडली. शाळेने तिला अक्षर दिले, वृत्तपत्राने त्या अक्षराला वाचक दिला. म्हणून आज इतक्या वर्षांनीही आपण तिचे म्हणणे वाचू शकतो. याच शाळांच्या संदर्भात फातिमा शेख यांचे नाव आपण आदराने घेतो. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. पण तिचे स्वतःचे लेखन आपल्यापर्यंत आलेले नाही. जे लिहून ठेवले गेले ते टिकले, एवढा धडा यातून घ्यावा.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. वाशीम इंग्रजी अमदानीत स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. म्हणजे सुमारे नव्वद वर्षे अकोला हेच आपले जिल्ह्याचे ठिकाण होते. त्या अकोल्यात सातारा जिल्ह्यातील टेंभू गावचा एक गरीब विद्यार्थी शिकत होता. १८७५ साली तो तेथूनच मॅट्रिक झाला. शिकत असतानाच तो 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लिहू लागला. तो विद्यार्थी म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले, १८८१ साली 'केसरी'चे पहिले संपादक झाले आणि १८८८ साली त्यांनी स्वतःचे 'सुधारक' पत्र काढले. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे त्यांनी त्या काळात उघडपणे लिहिले. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी लेखणी थांबली नाही. १८९५ साली वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. शाळा आणि वृत्तपत्र ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली.

याच सुमारास उत्तरेत सर सय्यद अहमद खान हेच करीत होते. विलायतेहून परतताच डिसेंबर १८७० मध्ये त्यांनी 'तहज़ीब-उल-अख़लाक़' हे उर्दू नियतकालिक काढले आणि नव्या तालिमीची गरज समाजाला समजावून सांगितली. त्यांच्याविरुद्ध फतवे निघाले. पण १८७५ साली अलीगढला शाळा उघडली, दोन वर्षांत तिचे कॉलेज झाले आणि १९२० साली विद्यापीठ. मुलींच्या शाळांबाबत मात्र सर सय्यद सावध राहिले. आधी मुलगे शिकू द्या, असे त्यांचे मत होते. ती उणीव शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी भरून काढली. १९०४ साली 'ख़ातून' हे मासिक निघाले आणि १९०६ साली अलीगढमध्येच मुलींची शाळा सुरू झाली. हा क्रम पाहा : आधी मासिक, मग शाळा. लोकांचे मन वळल्याशिवाय वर्ग भरत नाहीत, आणि मन वळवण्याचे काम लेखणीने केले.

वाचकहो, हे सारे आज आपल्या कशा उपयोगाचे? २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे पडलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यात वाशीमचा समावेश झाला. प्रगती मोजण्याच्या विषयांत शिक्षण हाही एक विषय आहे. आकडे कार्यालयात जमा होतात. पण त्या आकड्यांमागची मुले कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा आणि वाशीमच्या गल्ल्यांतून, वाड्यावस्त्यांवरून राहतात. त्यांना आकड्यांपेक्षा अधिक आपणच ओळखतो.

म्हणून एक विनंती आहे. आपण वाचत आहात ती स्मरणिका हेही एक लहानसे वृत्तपत्रच आहे. विद्यार्थ्यांनो, पुढच्या अंकासाठी आपल्या शाळेची बातमी तुम्ही लिहा. पहिलीत किती मुले दाखल झाली, त्यांतील दहावीपर्यंत किती पोचली, मध्येच कोण थांबले आणि का, हे शिक्षकांना विचारा, घरोघरी जाऊन विचारा. कुणाचे नाव छापू नका, कुणाला खाली पाहायला लावू नका. कारण मात्र खरे लिहा. दूरची शाळा असेल, रिक्षाचे भाडे असेल, घरातील धाकटी भावंडे असतील किंवा लवकर ठरलेले लग्न असेल. पालकहो, ते वाचून रागावू नका. एका कारणावर जरी आपण मिळून उपाय काढला, तरी पुढल्या वर्षी हजेरीपटावर एक नाव कायम राहील. ती बातमी निकालाच्या फोटोइतक्याच अभिमानाने छापावी.