सायकलीचे दिवे: कमी खर्चात सुरक्षित प्रवास

नोव्हेंबरच्या अखेरीस रायपूर येथे सूर्य सायंकाळी साडेपाच वाजण्यापूर्वीच मावळतो. त्याच दिवशी मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. घड्याळ दोन्ही शहरांत एकच असले, तरी रायपूर मुंबईच्या बरेच पूर्वेस असल्याने तेथे अंधार लवकर पडतो. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळापासून मराठी कुटुंबांचे वास्तव्य असलेल्या या शहरात, शंकर नगरसारख्या वसाहतीतून शिकवणीहून परतणारा विद्यार्थी, घरकाम आटोपून निघालेली महिला किंवा रात्रपाळीस जाणारा पहारेकरी हिवाळ्यात अंधारातच सायकल चालवीत असतो. कार्यालये सुटण्याची आणि रस्त्यावर गर्दी वाढण्याची वेळही हीच असते.

सायकल विकत घेताना घंटी, कुलूप आणि कॅरिअर यांची चौकशी होते. दिव्याची चौकशी क्वचितच होते. चांगला दिवा महाग असतो, हा समजही त्यास काही अंशी कारणीभूत आहे. प्रत्यक्षात जीव वाचविणारा दिवा बराच स्वस्त असतो. मात्र तो कोणता, हे ठाऊक असावे लागते.

अंधार आणि अपघात

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. दिवसाच्या तीन-तीन तासांच्या विभागणीत सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत होतात, असे या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसून येत आहे.

याचे कारण साध्या गणितातून समजते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात मोटार २५ मीटर पुढे येते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून ती थांबेपर्यंत आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजेच सायकलस्वार किमान ५० मीटर आधी दिसावयास हवा. मोटारीचा दिवा खाली झुकविलेला असताना गडद कपड्यांतील माणूस अनेकदा इतक्या अंतरावरून दिसतच नाही. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर झोताने चालकाचे डोळे दिपले असतील, तर हे अंतर आणखी घटते.

दिव्यांचा उपयोग किती होतो, याची पाहणी डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये करण्यात आली. त्यात ३,८४५ सायकलस्वारांनी भाग घेतला. त्यांपैकी १,८४५ जणांच्या सायकलींवर दिवसरात्र आपोआप चालू राहणारे दिवे बसविण्यात आले. उर्वरित सायकलस्वारांशी तुलना करता या गटातील जखमी होण्याच्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले.

दिव्याची दोन कामे

सायकलीचा दिवा दोन निरनिराळी कामे करतो. इतरांस सायकलस्वार दिसावा, हे पहिले काम. सायकलस्वारास रस्ता दिसावा, हे दुसरे. पहिल्या कामास अत्यल्प प्रकाश पुरतो. काळोखात लुकलुकणारा छोटा लाल दिवाही दुरून ओळखू येतो. दुसऱ्या कामास मात्र अधिक प्रकाश, मोठी बॅटरी आणि झोतास नीट आकार देणारी काच लागते. किमतीतील मोठा फरक येथेच पडतो.

म्हणून खरेदीपूर्वी आपला रस्ता कोणता, हे ठरविणे आवश्यक असते. शंकर नगरातून तेलीबांधा तलावापर्यंत रस्त्यावरील दिव्यांच्या उजेडात जाणाऱ्यास खड्डे दिसण्यासाठी प्रखर दिव्याची गरज नसते. त्याची खरी गरज गर्दीत उठून दिसण्याची असते. त्याच वसाहतीतून नवा रायपूरच्या दिशेने किंवा शहराबाहेरील एखाद्या गावाकडे जाणाऱ्यास मात्र काळोखात स्वतःचा रस्ता स्वतःच उजळावा लागतो. नागपूर, अमरावती वा कोल्हापूरच्या वेशीबाहेर राहणाऱ्यांनाही हाच निकष लागू पडतो.

मागील दिवा आधी

पैसे एकाच दिव्यापुरते असतील, तर तो मागील लाल दिवा असावा. समोरून येणारे वाहन सायकलस्वारास दिसते आणि त्यास बाजूला होण्याची संधी मिळते. मागून येणारे वाहन त्यास दिसत नाही. तेथे त्याची सुरक्षितता पूर्णपणे त्या वाहनाच्या चालकावर अवलंबून असते.

मागील दिवा किमान १०० मीटर अंतरावरून स्पष्ट दिसावा. याची परीक्षा घरीच घेता येते. रात्री सायकल रस्त्याच्या कडेस उभी करून सुमारे दीडशे पावले मागे चालत जावे आणि वळून पाहावे. त्यानंतर थोडे डावीकडे व उजवीकडे सरकून पाहावे. काही स्वस्त दिवे केवळ सरळ रेषेत तेजस्वी दिसतात आणि किंचित तिरके पाहताच मंदावतात. वळणावर आणि चौकात असे दिवे उपयोगी पडत नाहीत.

दिवा लुकलुकणारा असावा की स्थिर, याविषयी देशोदेशींचे नियम भिन्न आहेत. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००५ पासून मिनिटास ६० ते २४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यांस परवानगी देण्यात आली. जर्मनीत मात्र सायकलीवर लुकलुकणारे दिवे चालत नाहीत. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो, परंतु तो नेमका किती दूर आहे याचा अंदाज बांधणे कठीण जाते. स्थिर दिव्याने हा अंदाज सोपा होतो. दिव्यांच्या गजबजाटात, शहरात, लुकलुकणारा आणि काळोख्या रस्त्यावर स्थिर दिवा, ही सोयीची विभागणी होय.

पुढील दिवा: किती प्रकाश पुरे?

सायकलीचा वेग जितका अधिक, तितके दूरचे दिसणे आवश्यक असते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीस खड्डा दिसल्यापासून थांबेपर्यंत सुमारे १० मीटर लागतात. वेग ताशी २५ किलोमीटर झाल्यास हेच अंतर २० मीटरच्या आसपास जाते. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात, त्यामुळे ते आणखी वाढते.

दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश 'ल्युमेन' या एककात मोजतात, तर एखाद्या जागेवर पडणारा प्रकाश 'लक्स'मध्ये मोजला जातो. रस्त्यावरील उजेडात केवळ दिसण्यापुरता २० ते ५० ल्युमेनचा पांढरा दिवा पुरतो. काळोख्या रस्त्यावर सावकाश जाण्यासाठी १०० ते २०० ल्युमेन, तर वेगाने जाण्यासाठी ३०० ते ४०० ल्युमेन असावेत. त्याहून प्रखर दिवा समोरच्यांचे डोळे दिपवितो आणि बॅटरीही लवकर संपवितो.

केवळ ल्युमेन पाहून निर्णय घेणे योग्य नाही. गोल झोताच्या दिव्यातील बराचसा प्रकाश झाडांवर आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जातो. वरची कड कापलेल्या झोताचा दिवा कमी ल्युमेनमध्येही रस्ता अधिक उजळतो. जर्मनीचे नियम याच तत्त्वावर आधारलेले आहेत. तेथे १० मीटर अंतरावर किमान १० लक्स प्रकाश पडावा आणि तो समोरच्यास त्रासदायक ठरू नये, अशी अट आहे.

वेष्टनावरील आकडे

स्वस्त दिव्यांच्या वेष्टनावर '१००० ल्युमेन, ५ तास' असे दावे आढळतात. त्यांची सत्यता पडताळून पाहणे अवघड नाही. एलईडी दिवा एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन प्रकाश देतो. म्हणजे १००० ल्युमेनसाठी १० वॅट आणि पाच तासांसाठी ५० वॅट-तास ऊर्जा हवी. लिथियम-आयनचा ३.७ व्होल्ट व २००० मिलीअँपिअर-तास क्षमतेचा एक सेल सुमारे साडेसात वॅट-तास ऊर्जा साठवितो. याचा अर्थ, असे सात सेल असल्याखेरीज हा दावा खरा ठरू शकत नाही. मुठीत मावणाऱ्या दिव्यात एकच सेल असतो. त्यामुळे पूर्ण प्रकाशात तो किती वेळ चालतो, हे दुकानदारास विचारणे श्रेयस्कर.

पावसाळ्याच्या दृष्टीने 'आयपी' हा संकेतांक पाहावा. 'आयपीएक्स ४' म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. रोजच्या प्रवासास ते पुरते. 'आयपीएक्स ७' असलेला दिवा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरतो. चार्जिंगच्या तोंडावरील रबरी झाकण सैल असेल, तर असा दिवा घेऊ नये.

सेल, चार्जिंग की डायनॅमो?

एकेकाळी सायकलीवर रॉकेलचे दिवे असत. नंतर टायरवर घासून फिरणारा डायनॅमो आला. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात दिव्याविना सायकल चालविणाऱ्यास पोलीस अडवीत आणि दंड करीत. बाटलीच्या आकाराचा हा ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनॅमो सेलचा खर्च वाचवीत असे. परंतु त्याने सायकल जड चालते, पावसात तो टायरवरून घसरतो आणि सिग्नलला थांबताच दिवा विझतो. चाकाच्या मध्यभागी बसणारा डायनॅमो या दोषांपासून बराच मुक्त असला, तरी त्यासाठी चाकच बदलावे लागत असल्याने तो महाग पडतो.

सध्या बहुतेक दिवे सेलवर अथवा यूएसबी चार्जिंगवर चालतात. मागील दिव्यासाठी बारीक पेन्सिल सेल सोयीचे ठरतात. एका जोडीवर दिवा ५० तास चालला आणि रोज एक तास प्रवास झाला, तर महिन्यास २५ दिवस धरून ही जोडी दोन महिने पुरते. शिवाय सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. पुढील दिव्यास ऊर्जा अधिक लागत असल्याने तेथे चार्जिंगचा दिवा परवडतो. मात्र चार्ज करण्याची सवय लावून घ्यावी लागते.

नाण्याच्या आकाराच्या बटन सेलवर चालणारे दिवे सर्वांत स्वस्त असले, तरी हे सेल तुलनेने महाग असतात. लहान मुलाने तो गिळल्यास अन्ननलिकेस गंभीर इजा होऊ शकते. अशा दिव्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसणारे असावे.

परावर्तकांचे स्थान

केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी, म्हणजेच रिफ्लेक्टरसाठी, गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. रिफ्लेक्टरला सेल लागत नाहीत आणि तो चालू करण्याचे विसरण्याचाही प्रश्न नसतो. पेडलवरील रिफ्लेक्टर वरखाली हलत असल्याने विशेष लक्ष वेधतात. तथापि दुसऱ्या वाहनाचा प्रकाश पडला, तरच रिफ्लेक्टर चमकतो. गल्लीतून आडव्या येणाऱ्या वाहनाचा झोत सायकलीवर पडेपर्यंत उशीर झालेला असतो. विनादिव्याने जाणाऱ्या दुचाकीस्वारास तर तो दिसतच नाही. त्यामुळे रिफ्लेक्टर दिव्याची जागा घेऊ शकत नाही. तो दिव्याचा सोबती होय.

किती खर्च करावा?

किमती दुकानागणिक कमी-जास्त होत असल्या, तरी साधारण अंदाज पुढीलप्रमाणे बांधता येतो.

सुमारे ३०० रुपयांत: सेलवर चालणारा मागील लाल दिवा आणि मागील मडगार्ड व पेडलवर चिकटविण्यासाठी परावर्तक पट्टी.

सुमारे ७०० रुपयांत: वरील गोष्टींखेरीज पुढे दिसण्यापुरता छोटा पांढरा दिवा. दिवाबत्ती असलेल्या शहरी रस्त्यास इतके पुरते.

सुमारे १५०० रुपयांत: २०० ते ३०० ल्युमेनचा, चार्ज करता येणारा पुढील दिवा आणि १०० मीटरवरून दिसणारा चांगला मागील दिवा. काळोख्या रस्त्याने नियमित जाणाऱ्यांनी एवढी तयारी ठेवावी.

बसविणे आणि निगा

चांगला दिवाही चुकीच्या जागी बसविल्यास निरुपयोगी ठरतो. हँडलला टोपली किंवा दप्तर अडकवीत असल्यास पुढील दिवा त्याआड जातो. अशा वेळी तो पुढील चाकावर, मडगार्डजवळ बसवावा. मागील दिवा सीटखाली असल्यास लांब सदरा, ओढणी वा कॅरिअरवरील पिशवी त्यास झाकते. कॅरिअरच्या मागील टोकास नटबोल्टने पक्का बसविलेला दिवा सामान लादल्यावरही दिसतो आणि सायकल स्टँडवरून सहजासहजी चोरीस जात नाही.

पुढील दिव्याचा झोत सुमारे १० मीटरवर जमिनीस टेकावा. त्यासाठी सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल, तर झोताचा मध्य भिंतीवर ४५ सेंटिमीटर उंचीवर पडला पाहिजे. तो याहून वर असल्यास समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपतात.

आठवड्यातून एकदा दिव्याच्या काचेवरील चिखल व धूळ पुसावी. सायकल बरेच दिवस वापरात नसेल, तर सेल काढून ठेवावेत. अन्यथा ते पाझरून दिवा निकामी होतो. लिथियमच्या बॅटरीचा दिवा मध्य भारतातील कडक उन्हात सायकलीवर दिवसभर राहू देऊ नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

दिवे सूर्यास्तानंतर नव्हे, तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच लावणे हितावह असते. धुक्याच्या पहाटे आणि मुसळधार पावसात तर ते दिवसाही चालू ठेवावेत. घरातून निघताना टायरमधील हवा पाहिली जाते, त्याचबरोबर मागे वळून लाल दिवा लागला आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी. सायकल चालविताना तो स्वतःस दिसत नसल्याने, विझलेला दिवा वाटेत लक्षात येत नाही.